माझ्या वाटची आमुशा

सुरुवातीला आमचे हे शेतात नुसते झोपायला यायचे, तोवर आमचा संसार फार सुखात चालला होता. मी तिपाई उभी करायची, कॅमेरा लावायची, तारे शोधायची, आणि पलीकडे बाजेवर घोंगडी डोक्यावरून ओढून हे घोरायचे. मला वाटायचं, काय गुणाचा माणूस आहे, बायकोच्या खुळापायी थंडीत पडून राहिलाय. मग एका रात्री हा गुणाचा माणूस उठला, माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावला. तेव्हापासून माझ्या पोटात जे जळतंय ते काही विझायला तयार नाही.

मी वसमतला शाळेत विज्ञान शिकवते. ह्यांचं तिथंच बियाणं-खताचं दुकान आहे. शेत कुरुंद्याला, आणि सासूबाईही तिथल्याच घरी राहतात, कारण वसमतचं आमचं घर त्यांना कोंबड्याचं खुराडं वाटतं. लेक शिकायला पुण्याला गेली आणि संध्याकाळचं घर खायला उठायला लागलं. त्या दिवसांत मोबाईलवर मी एका बाईचा व्हिडिओ पाहिला. तिनं साध्या कॅमेऱ्यानं मृगातला तेजोमेघ टिपला होता. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या जागेत पसरलेला वायूचा आणि धुळीचा ढग, हे मी पोरांना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत आले. पण तो आपल्याच डोक्यावर आहे आणि आपल्यालाही पकडता येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा हे म्हणाले, "पाटल्या करायच्या का?" मी म्हणाले, "मला ट्रॅकर पाहिजे."

ट्रॅकर म्हणजे विटेएवढा एक डबा. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात, म्हणून कॅमेऱ्याचं शटर मिनिटभर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या नुसत्या रेघा उमटतात. हा डबा तिपाई आणि कॅमेऱ्याच्या मधे बसतो आणि ताऱ्यांच्या चालीनं कॅमेऱ्याला हळूहळू वळवत नेतो. मग तारा जागचा हलत नाही आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड थेंब थेंब साठत जातो. अट एकच, डब्याचं तोंड बराबर ध्रुवाकडे पाहिजे. सासूबाईंनी तो डबा हातात घेऊन खालीवर केला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा डब्यापायी पाटल्या सोडल्यास? बाई, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का न्हाई?"

वसमतच्या गच्चीवरून काही जमेना. रस्त्यावरचे दिवे, मंगल कार्यालयाची रोषणाई, शेजाऱ्याच्या टाकीआड गेलेला ध्रुव. शेतात मात्र अंधार असा की स्वतःचा हात दिसत नाही. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आखाड्याला लागून विहीर, विहिरीला रुंद सिमेंटचा ओटा, ओट्याच्या कडेला मोटर आणि चहूकडे हळद. पण बाईनं अंधार पडल्यावर तिथं एकटीनं बसायचं म्हटलं की झालं! सासूबाईंनी सरळ सांगितलं, "सोबत असल्याबिगर जायचं न्हाई." म्हणून हे आले, घोंगडी घेऊन.

मृगाच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे सगळ्यांना ठाऊक असतात. आमच्याकडे त्यांना तिकांडं म्हणतात, हरणाला लागलेला व्याधाचा बाण. त्या बाणाच्या खाली नुसत्या डोळ्यांना एक पुसट ठिपका दिसतो. त्या रात्री शटर मिटलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो ठिपका उलगडला. पाण्यात जास्वंद चुरावी तसा गुलाबी, कडेला जांभळट, मधे पांढराशुभ्र. मी ओरडलेच. हे धडपडत उठले.

"काय झालं? साप हाय का?"

"साप नाही हो. या, बघा तरी!"

मीच बोलावलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. ह्यांनी पडद्यावर पाहिलं, मग मान वर करून आभाळात पाहिलं, मग परत पडद्यावर. आणि उरलेली रात्र झोपले नाहीत.

पुढच्या खेपेला हे म्हणाले, "ध्रुव मी लावून बघू का?" ध्रुव आपल्या भागात फार खाली असतो, उत्तरेकडच्या झाडांच्या शेंड्याला टेकल्यासारखा. डब्यातल्या बोटभर नळीतून तो बघायचा म्हणजे मला पोटावर पालथं पडावं लागायचं, मान मोडायची, चष्म्यावर वाफ धरायची, आणि सापडलेला तारा ध्रुवच आहे की त्याचा शेजारी हे ठरवण्यात माझा जीव जायचा. हे उकिडवे बसले, एक डोळा मिटला, दोन खुंट्या जरा इकडं जरा तिकडं फिरवल्या आणि उठले. "हा घे तुझा ध्रुव." मी तोंडानं "वा" म्हणाले आणि मनातल्या मनात कडाकडा बोटं मोडली. कारण हात खरंच चांगला होता. जन्मभर बियाणं चिमटीत धरून पारखलेल्या माणसाचा हात तो. माझा हात खडूचा.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. पण तेजोमेघाला अंधार लागतो. चांदणं म्हणजे आमच्या छंदाला विष. महिन्यातली खरी कामाची रात्र अमावास्येची, आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. सासूबाई म्हणाल्या, "आमुशाला बाईमाणसानं शेतात पाऊल टाकायचं न्हाई."

मी विज्ञानाची बाई. मी म्हणाले, "आई, अमावास्या म्हणजे चंद्र आणि सूर्य एका बाजूला..."

"ते शाळंत सांग."

"आणि ह्यांना चालतं?"

"तो गडी हाय. गड्याला कोन धरतंय?"

आदल्या आणि दुसऱ्या दिवसालाही त्या आमुशाचीच सावली धरायच्या. म्हणजे वाटणी अशी झाली की काळ्याकुट्ट रात्री ह्यांच्या आणि चंद्रकोरीच्या, अर्ध्या चंद्राच्या, उष्ट्या रात्री माझ्या. माझ्या फोटोतलं आभाळ पातळ ताकासारखं यायचं, ह्यांच्या फोटोतलं काजळासारखं. डबा माझा, कॅमेरा माझा, खूळ माझं, आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन हे बसलेले! आमुशाच्या संध्याकाळी माझीच बॅग खांद्याला लावून, माझ्याच हातचे धपाटे बांधून घेऊन हा माणूस गाडीला किक मारायचा, आणि मी दारात उभी राहून "गार वारं लागू देऊ नका" म्हणायची. मला वाटायचं, वारं नाही, चांगला गारांचा पाऊस लागू दे.

सकाळी हे यायचे, डोळे लाल, तोंडावर हसू. कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्यापुढे ठेवायचे. "जरा बघ बरं काय आलंय." आता ही गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. तेजोमेघाचा एक फोटो म्हणजे एक फोटो नसतो. सारखे सारखे कितीतरी फोटो काढायचे, ते लॅपटॉपवर एकावर एक बसवायचे, खराब असतील ते निवडून टाकायचे, दाणेदारपणा घालवायचा, मग अंधारातून रंग वर काढायचा. रविवारचा रविवार जातो त्यात. ह्यांना लॅपटॉपवर साधी फाईल इकडची तिकडं करता येत नाही. ते काम माझं. फोटो तयार झाला की हे तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे, आणि माझी नणंद पहिली, "दादा म्हणजे दादाच!" मग हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, फुलं उधळणारे सगळे. एकदा मी न राहवून लिहिलं, "रंग मी काढलेत." नणंदेनं लिहिलं, "हो ना वहिनी, तुमची साथ आहे म्हणून तर." साथ! जेवताना लोणचं असतं तशी साथ.

ह्यांनी मृगाचा मोठा फोटो करून दुकानात कीटकनाशकांच्या पोस्टरांशेजारी लावला. मी एकदा दुकानात बसले होते तेव्हा एक शेतकरी आला, फोटोजवळ गेला, नीट निरखून म्हणाला, "शेठ, ही हळदीची कंदकूज हाय न्हवं? हिच्यावर कोन्तं औषध बसतंय?" मला हसून हसून ठसका लागला. दोन दिवस मी ह्यांना कंदकूज म्हणत होते. तेवढंच माझं समाधान.

विज्ञान दिन जवळ आला आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता तरी! साडी नीट करून गेले. ते म्हणाले, "मॅडम, यंदा प्रमुख पाहुणे म्हणून तुमच्या साहेबांना आणता का? आकाशाचे फोटो काढतात म्हणे. अन् परिचय तुम्हीच करून द्या, घरचंच माणूस, सोपं जाईल तुम्हाला."

दिला परिचय. माझ्या शाळेत, माझ्या पोरांपुढे, दात आवळून. "आजच्या प्रमुख पाहुण्यांना तेजोमेघांच्या छायाचित्रणाचा छंद आहे." शाल झाली, नारळ झाला. हे चांगले बोलले, हेही सांगायला पाहिजे. पोरं चिडीचूप ऐकत होती, माझ्या तासाला कधी ऐकत नाहीत तशी. शेवटी सातवीतली एक मुलगी उठली. "सर, तुम्हाला ही आवड कशी लागली?"

मी खुर्चीत ताठ झाले. आता माझ्याकडे बोट करतील. करायला पाहिजेच, दुसरं उत्तरच नाही या प्रश्नाला.

हे म्हणाले, "लहानपणापासूनच होती. शेतात झोपायचो ना आमी. तारे बघता बघता झोप लागायची."

टाळ्या! मीपण वाजवल्या, स्टेजवर होते, करता काय. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. घरी येऊन पर्स आपटली. "लहानपणापासून? लहानपणी तुम्हाला शुक्र आणि विमानाचा दिवा ओळखू येत नव्हता, आईंनीच सांगितलंय मला!"

"अगं, स्टेजवर तसंच बोलावं लागतंय," हे म्हणाले. "बायकोनं शिकवलं म्हनलं असतं तर पोरं हसली असती."

हसली असती तर हसू द्यायचं होतं. मी डबा दिला, कपडे दिले, चहा दिला, पण कितीतरी दिवस तोंडातून शब्द दिला नाही. आणि तेव्हाच मनाशी ठरवलं, एक फोटो मला पाहिजे. आमुशाचा, ध्रुव लावण्यापासून रंग काढण्यापर्यंत सगळा माझ्या हातचा, आणि ह्यांना न आलेला. एवढं एकच मागणं. बाकी शाली-नारळ ह्यांनी आयुष्यभर घेत बसावं.

ह्यांना न आलेला असा एकच होता. तिकांडं उगवताना सगळ्यात खाली जो तारा असतो, त्याच्याजवळ तांबड्या ढगापुढे काळ्या धुळीचा एक आकार उभा आहे, हुबेहूब घोड्याचं डोकं. फार लहान आणि फार पुसट. ह्यांनी त्या थंडीत प्रयत्न केला होता, पुढच्या थंडीत कार्तिकाच्या आमुशालाही केला. दर वेळी तिथं घोड्याऐवजी शाईचा फराटा यायचा. हे हळहळायचे. मी "अरेरे" म्हणायची आणि मला रात्री गाढ झोप लागायची.

कार्तिकातलं ते कार्ड तपासताना मला कारण सापडलं. रात्रीच्या सुरुवातीच्या फोटोंत तारे टाचणीच्या टोकासारखे होते आणि एका ठिकाणापासून पुढे सगळे सुजलेले. वारं म्हणावं तर तेही नाही. मग डोक्यात उजेड पडला. शेतीची वीज आमच्याकडे पाळीनं येते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी असली की हे मोटरीला ऑटो लावून ठेवतात, वीज आली की मोटर आपोआप सुरू आणि ठिबकनं हळदीला पाणी. आणि तिपाई कुठे मांडतात? विहिरीच्या ओट्यावर, मोटरीपासून हातभर. "माती खचती, ओटा पक्का हाय," हे ह्यांचं म्हणणं. ओटा पक्का खरा. पण मोटर चालली की अख्खा ओटा थरथरतो. माणसाच्या पायाला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोठ्या, उजळ तेजोमेघाला एवढ्यानं फरक पडत नाही, पण घोड्याचं डोकं पुसून जातं. पाणीही होईल आणि फोटोही होईल, एका दगडात दोन पक्षी मारायला गेला हा माणूस.

सांगावं का? अगदी ओठांवर आलं होतं. चहाचा कप पुढे ठेवताना मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात हे फोनवर कुणाला तरी सांगत होते, "न्हाई न्हाई, काही अवघड न्हाई, मी दाखवीन की तुमच्या पोराला." मी तोंड मिटलं.

मी लातूरकडची. तिकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. गावच्या गाव शेतात जातं, त्या दिवशी गावात कुत्रं दिसत नाही. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, करतात, तिच्यात पांडव मांडून पूजा करतात, शेताला नैवेद्य दाखवतात आणि दिसेल त्या माणसाला हाताला धरून जेवायला बसवतात. कुरुंद्याकडे ही चाल नाही, आणि सासरी आल्यावर मीही कधी विषय काढला नव्हता. आता काढला. सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी शेजारी बसले.

"म्हंजी तुमच्याकडं आमुशाला बाया शेतात जात्यात?"

"बायांशिवाय पूजाच होत नाही, आई. लक्ष्मीची पूजा ती."

देवीचं नाव निघालं तशा त्या नरमल्या. शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "अन् रात्री?"

इथं मी जरा पदरचं घातलं. "रात्री घरची बाई शेतातच राहते," मी म्हणाले. माझी आई दिवे लागायच्या आत घरी यायची. "आणि त्या दिवशी विहिरीलाही सुट्टी. मोटर चालवायची नाही." हेही मीच तिथल्या तिथं तयार केलं.

"ते बरं हाय. हिरीनं बी कवा दम खावा," सासूबाई म्हणाल्या. "पर तू रातभर करनार काय?"

"घोड्याच्या डोक्याचा फोटो काढणार."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" म्हणाल्या, पण हसल्या. "मी बी राहते तुज्यासंगं. बघू कोन भूत येतंय."

ह्यांना मी त्याच रात्री बजावलं. "येळवसेला ट्रॅकरला हात लावायचा नाही. ध्रुवसुद्धा शोधून द्यायचा नाही."

"बरं बाई," हे म्हणाले. "नडलीस तर हाक मार."

नडलीस तर! बघतेच.

येळवस झकास झाली. बाजरीचे वाफवलेले उंडे, सगळ्या भाज्या-शेंगा घालून केलेली भज्जी, माठातली गार आंबील, शेंगाच्या पोळ्या. आजूबाजूच्या आखाड्यांवरचे लोक येऊन जेवून गेले आणि "पुढल्या साली बी करा" म्हणून गेले. नणंदही आली होती. संध्याकाळी मी बॅग उघडली तेव्हा ती भावाला म्हणाली, "दादा, आज काय टिपणार?"

"आज मी न्हाई. आज तुजी वहिनी."

"वहिनी का? बरं, होऊ द्या की हौस."

मी तिपाई उचलली आणि मुद्दाम विहिरीच्या ओट्यावरच मांडली, हे मांडतात तिथंच. मोटर त्या दिवशी देवाच्या नावानं बंद होती.

अंधार पडला आणि कुठल्याशा शेतात कुणीतरी काडीकचरा पेटवला. उत्तरेकडे धूर धरला, ध्रुव गडप. मी पोतं अंथरून त्याच्यावर पालथी पडले. नळीत नुसतं राखाडी. चष्मा काढला, पुसला, लावला. हे पलीकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाठ करून बसले होते आणि दर थोड्या वेळानं खाकरत होते. त्या खाकरण्याचा अर्थ मला चांगला कळत होता.

"घावला का?"

"घावतोय."

घावत नव्हता. माझी मान आखडली, डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं की रागानं हे देव जाणे. ह्यांना हाक मारली असती तर चुटकीसरशी लावून दिला असता आणि मग जन्मभर ऐकलं असतं. मी उठून बसले. वर ध्रुवाची वाट दाखवणारी शर्मिष्ठा स्वच्छ दिसत होती. तिच्यावरून अंदाजानं रेघ धरली, डब्याचं तोंड तेवढ्याच उंचीला आणलं आणि धूर विरायची वाट बघत पडून राहिले. कधीतरी नळीत एक मिणमिणता ठिपका आला. खुंटी फिरवली, ठिपका जागेवर बसला. मी तो परत परत तपासला. तोच होता.

"सापडला," मी म्हणाले, किल्ली सापडल्यासारखं. ह्यांचं खाकरणं थांबलं.

मग शटर उघडायला लागलं. सासूबाई आखाड्याच्या दारात दोन लुगडी आणि एक शाल गुंडाळून बसल्या होत्या, आणि दर वेळी विचारायच्या, "आला का घोडा?" मी म्हणायची, "येतोय." त्या म्हणायच्या, "लंगडा हाय वाटतं." तेवढ्यात वीज आली. भोवतालच्या विहिरींवरच्या मोटरी एकामागून एक घुमायला लागल्या. हे उठून ओट्याजवळ आले.

"लाईट आली. तासभर सोडू का पानी? हळद सुकून राहिली."

 मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला, "येळवस हाय, गप बस! हिरीला सुट्टी हाय."

"व्हय बापा," म्हणत हे परत धुऱ्यावर जाऊन बसले. त्या क्षणी मी सासूबाईंच्या पाया पडले असते, पण कॅमेरा हलला असता.

दुसऱ्या दिवशी कुरुंद्याच्या घरी मी लॅपटॉप घेऊन बसले. फोटो एकावर एक बसवले. तारे शेवटपर्यंत टाचणीच्या टोकासारखे. हळूहळू तांबडा रंग वर काढला. तांबड्यात एक काळा दाणा दिसायला लागला. मोठा करून पाहिला. मान होती, कपाळ होतं, पुढे झुकलेलं तोंड होतं. घोडा! मी ओरडले नाही. दोन्ही हात तोंडावर दाबून बसून राहिले.

सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "हे का? मला तर तव्यावरचा डाग दिसतोय." नणंद म्हणाली, "भारीच की," आणि पडद्याचा फोटो काढून तिनं ग्रुपवर टाकला. काय लिहिलं ते तिचं तिला माहीत. लगेच उत्तरं यायला लागली. "दादा, जबरदस्त!" "दाजी, कमाल!" मी फोन पालथा घालून ठेवला. गंमत अशी की मला राग आला नाही. मला एकटं वाटलं. हा काळा दाणा धरायला काय लागतं, धूर काय, थंडी काय, मान काय, हे समजणारं अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होतं, आणि ते माझ्यासमोर मांडी घालून कालची भज्जी खात होतं.

मी लॅपटॉप ह्यांच्याकडे वळवला.

ह्यांनी हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला आणि पडद्याजवळ वाकले. घोडा मोठा करून बघितला. मग घोडा सोडून कोपऱ्यातले तारे मोठे करून बघितले, एक कोपरा, दुसरा कोपरा, चारी कोपरे. चूक शोधत होते. सापडली नाही. जबडा जरा आवळला गेला, नाकपुड्या फुगल्या. 

"तोच ओटा," हे म्हणाले.

"तोच."

"कॅमेरा बी तोच."

"तोच की."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग मला काहून येईना गं?"

त्या आवाजात कौतुक नव्हतं, चेष्टा नव्हती, नुसती आग होती. ती मी ओळखली. दोन हिवाळे ती मी पोटात घेऊन फिरत होते, भाकरी थापताना, तास घेताना, दारात उभं राहून ह्यांना निरोप देताना. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला एवढा जवळचा कधीच वाटला नव्हता. खरंच सांगते, जीव गलबलला. वाटलं, सांगून टाकावं. एक शब्द तर सांगायचा, मोटर.

"काय की हो," मी म्हणाले. "हात तर तुमचाच चांगला." आणि ह्यांच्या ताटात अजून एक उंडा वाढला.